पाय न टेकवता!

समजा, तुमच्यासमोर ओल्या, शेवाळलेल्या दगडांचा ढीग आहे. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यात असतात ना, तसा. त्या दगडांवरून मोटरसायकल चालवत पलीकडे जायचं, पण पाय जमिनीला लावायचा नाही. जमेल?

या खेळाला ‘ट्रायल्स’ म्हणतात. इथे वेगाला फारशी किंमत नाही. एकदा पाय टेकला की दंडाचा १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३ आणि गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली की थेट ५. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला! स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून २०२४ पर्यंत दर वर्षी जगज्जेता ठरला. (आणि हो, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे असले प्रयोग करायचे नाहीत बरं का!)

ट्रायल्सची गाडी दिसायला अगदीच लुकडी. धड बसायला सीट नाही, वजन साधारण ७० किलो. मागच्या चाकात हवा इतकी कमी की टायर दगडाला अक्षरशः मिठी मारतो. उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर या खेळातला मोठा वीर. त्याच्याकडे एरियल नावाची जड इंग्लिश मोटरसायकल होती. तिचा एकेक भाग काढून, बदलून त्याने ती हलकी केली. पुढे १९६५ मध्ये बुल्टाको या स्पॅनिश गाडीवर त्याने स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल जिंकली. म्हणजे हा नुसता चालवणारा नव्हे, पाना हातात धरणारा गडी! हे खेळाडू चिखलातून आले की आधी गाडी धुतात, एअर फिल्टरचा स्पंज साफ करतात, चेन तपासतात, मग जेवतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आमच्याकडे आहे बाबांची साधी मोटरसायकल. सांगतो.

मी घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो. इथला पावसाळा म्हणजे खड्डे, चिखल आणि बारीक रेती. एका जुलैत मी वसईहून घरी येत होतो. चेन सैल झाल्याचं आठवडाभर ऐकू येत होतं, ‘खट् खट्’. बघू रविवारी, असं म्हणत राहिलो. गायमुखच्या घाटात, ऐन चढावर, चेन उतरली. इंजिन ओरडतंय, पण गाडी जागची हलेना! मागे कंटेनर, त्याचा कर्णा आणि वरून धो धो पाऊस. गाडी ढकलत कडेला आणली तेव्हा हात थरथरत होते. चेन उतरून चाकात अडकली असती, तर चाकच जाम झालं असतं.

चेन सैल का होते? ती ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. चेनमध्ये शंभराच्या आसपास कड्या असतात. प्रत्येक कडीतली पिन रेतीने केसभर झिजते. शंभर केसभर मिळून किती झाले, करा हिशेब! तेलात रेती मिसळली की तिचा पॉलिशपेपर होतो. म्हणून नुसतं वरून तेल ओतून भागत नाही, आधी मळ काढावा लागतो.

रविवारी बाबांना किंवा काकांना सोबत घ्या. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि किल्ली काढून खिशात. हे पुन्हा सांगतो. काही लोक इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवतात आणि फडक्याने चेन पुसतात. फडकं ओढलं जातं आणि त्याच्यासोबत बोटंही जातात. चाक हातानेच फिरवायचं.

जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेन घासा, कोरडी पुसा, मग गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. जास्तीचं तेल पुसून टाका. आता खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करा आणि पट्टीने मोजा. बऱ्याच साध्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर चालतं, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट, तिथलं माप खरं. चेनवर पूर्ण कव्हर असेल, तर तपासण्यासाठी त्याला रबरी बूच असतं.

चेन घट्ट करणं मात्र मोठ्यांचं काम. चाकाचा नट ढिला करून चाक मागे सरकवायचं आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या. इथे माझी फजिती झाली. चाक मागे गेलं की मागच्या ड्रमब्रेकचा रॉडही ओढला जातो, हे मी विसरलो. दुसऱ्या दिवशी मानपाड्यापर्यंत पोचेतो ब्रेक घासून ड्रम इतका तापला की हात लावता येईना! गॅरेजवाले मामा पोट धरून हसले. रॉडचा नट चार फेरे सैल केला आणि काम झालं. पैसे घेतले नाहीत, पण आजही मी दिसलो की विचारतात, “काय, ब्रेक सोडला का?”

प्लगही पाहा, पण इंजिन गार झाल्यावर. टोक बदामी रंगाचं असेल तर छान. काळं, काजळी धरलेलं असेल तर एअर फिल्टर बहुधा तुंबलाय. फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन नीट वाळवा आणि फिल्टरचं तेल लावा. कागदाचा असेल तर धुऊ नका, बदला.

चालवायची घाई मात्र नको. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. चेन पुसायला मात्र परवाना लागत नाही!

आणि काळे झालेले हात? आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा. आईच्या पांढऱ्या टॉवेलला पुसू नका. मी एकदा पुसले होते. तो टॉवेल आता गाडीच्या डिकीत आहे.