आजीच्या लुगड्याची गोधडी : कापडाची पारख आणि जपणूक

घरातील वृद्ध व्यक्तीच्या पश्चात तिची लुगडी, धोतरे व शिवणातून उरलेले तुकडे पुष्कळदा बोहारणीच्या गाठोड्यात जातात. त्याच कापडाची गोधडी शिवल्यास कुटुंबाला उबेबरोबर आठवणही लाभते. मात्र जीर्ण कापडाची पारख चुकली, तर अशी गोधडी थोड्याच धुण्यांत विरते.

देशाच्या अनेक भागांत ही कला रुजलेली आहे. बंगालमधील कांथा, बिहारमधील मुजफ्फरपूर परिसरातील सुजनी, महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी महिलांची कवंदी ही त्याची ठळक उदाहरणे होत. वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवणे, हे या सर्वांचे समान सूत्र आहे. कांथेसाठी जुन्या साडीच्या काठातील रंगीत धागे काढून वापरण्याची रीत होती. सुजनी परंपरेने नवजात बालकासाठी शिवली जाई. कवंदीच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावली जातात.

प्रथम कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. दोन्ही हातांनी हलके ताणल्यावर जे फाटते, ते आतील थरांत ठेवावे. टिकाऊ कापड बाहेरच्या बाजूस घ्यावे. काठ व पदर बहुधा अधिक मजबूत असल्याने कडांसाठी उपयोगी पडतात. सुती व टेरीकॉट कापड एकत्र करू नये. ती धुतल्यावर सारखी आटत नाहीत व गोधडीला चुण्या पडतात. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटर लांब असते. त्याचे २ मीटरचे चार तुकडे केल्यास एका व्यक्तीच्या गोधडीचे चार थर होतात. थर सपाट अंथरून मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालावेत आणि मगच सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. दोन ओळींत २ ते ३ सेंटिमीटर अंतर पुरेसे असते.

शेतकरी कुटुंबांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. फवारणीच्या वेळी वापरलेले कपडे, तसेच बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यांच्या किंवा कीटकनाशकांच्या पिशव्यांचे कापड गोधडीत मुळीच वापरू नये. काही कीटकनाशकांचे अंश धुतल्यानंतरही कापडात राहू शकतात आणि गोधडी रात्रभर अंगाला लागून असते. बाळाच्या अंथरुणासाठी तर असे कापड सर्वथा वर्ज्य समजावे.

तयार गोधडी पूर्ण वाळवून सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून बुरशी धरते. घडी अधूनमधून बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड झिजत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना महिला बचत गटांच्या बैठकीत हा विषय सहज घेता येईल. विक्रीसाठीच्या गोधड्यांना बाजाराचे माप लागू होते. आठवणीच्या गोधडीला मात्र प्रत्येक तुकड्याची माहिती मोलाची असते. कोणते कापड लग्नातले, कोणते पहिल्या पिकाच्या पैशांतून घेतलेले, हे घरातील आजी-आजोबाच सांगू शकतात. म्हणून ते हयात असतानाच, त्यांना सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे. गोधडीच्या एका कोपऱ्यात त्यांचे नाव, गाव व साल दोऱ्याने विणून ठेवावे. टाका कसा घालायचा, हेही त्या निमित्ताने पुढच्या पिढीच्या हातात उतरते.