आमच्या घरचा चष्मा

गेल्या जूनमध्ये माझ्या सात वर्षांच्या मुलीला फळ्यावरचं दिसेना. डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. दोन्ही डोळ्यांना मायनस पाऊण. घरी आल्यावर आईनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्यावरच गेलीय."

माझा नंबर मायनस साडेसहा, बायकोचा तीन. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात चष्मे ठेवायला एक वेगळा कोनाडाच आहे. त्यामुळे आईचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. मनाला लागलं, मग रात्री बसून वाचायला लागलो.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन मायनस नंबर लागतो, कारण प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. डोळा आखूड राहिला तर प्लस, कॉर्नियाचा गोलावा सारखा नसला तर सिलिंडर. म्हणजे प्रश्न हा, की डोळ्याला 'आता थांब' कोण सांगतं?

जनुकं सांगतात, हे खरंच आहे. आई-बाबा दोघांनाही मायनस नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता कितीतरी वाढते. जुळ्यांच्या काही अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्याही पुढे निघाला. पण २०१८ साली दीड लाखाहून जास्त लोकांची जनुकं तपासली, तेव्हा एकच 'चष्म्याचं जनुक' सापडलं नाही. दीडशेहून अधिक जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम इवलासा. सगळ्या मिळूनही माणसामाणसांतल्या फरकाचा दहावा हिस्सासुद्धा उलगडला नाही.

मग ते ८० टक्के? जुळी मुलं एकाच घरात, एकाच शाळेत वाढतात. परिस्थिती सारखी असली की उरलेला फरक जनुकांच्याच नावावर जमा होतो. परिस्थिती बदलली की चित्र वेगळं दिसतं. अलास्कातल्या बॅरोच्या एस्किमो कुटुंबांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्यांत मायनस नंबर जवळजवळ नव्हताच, शाळेत गेलेल्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिकांना होता. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत.

मला सर्वांत पटलं ते सिडनी-सिंगापूरचं उदाहरण. दोन्हीकडची सहा-सात वर्षांची, चिनी वंशाचीच मुलं. सिंगापुरात २९ टक्क्यांना नंबर, सिडनीत फक्त ३ टक्क्यांना. सिडनीची मुलं आठवड्याला जवळपास १४ तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन. पुस्तकं तर सिडनीचीच मुलं जास्त वाचत होती! पुढे चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांत नव्यानं नंबर लागलेली मुलं ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के निघाली. भर उजेडात पडद्यामध्ये डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याची वाढ आवरतं, असा तर्क आहे.

गोम अशी, की बाहेरचा उजेड नंबर लागणं लांबवतो. लागलेला नंबर रोखायला त्याचा तेवढा उपयोग नाही. मुलीच्या बाबतीत मला उशीर झाला. संध्याकाळी तिला दोन क्लासना मीच घातलं होतं, त्यासाठी जनुकांना दोष देता येत नाही. आता तिला डॉक्टरांनी कमी ताकदीचे अट्रोपिनचे थेंब दिलेत, कारण नंबर फार वाढला तर पुढे पडदा सुटण्याचा धोकाही वाढतो. "नंबर जरा कमीच लिहून द्या, डोळ्याला सवय लागेल," असं आईनं सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, कमी नंबरानं वाढ थांबत नाही."

धाकटा पाच वर्षांचा आहे. लहान मुलांचे डोळे मुळात थोडे प्लस असतात आणि वाढताना ती शिल्लक संपत जाते. त्याची अजून प्लस एक आहे. त्याचा अ‍ॅबॅकस बंद केला. रोज पाच वाजता कमाटीबाग. मला ऑफिसातून निघता येत नाही, म्हणून आईच त्याला घेऊन जाते. टोपी घातल्याशिवाय नेणार नाही, ही तिची अट.