जलमार्ग सर्वांचे, किनारे कोणाचे?

केरळचा प्रवास हा मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यक्रमाचा आता एक भागच होऊन बसला आहे. रजा-प्रवास सवलतीचा अर्ज मंजूर झाला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की मुन्नारचे चहाचे मळे, थेक्कडीचे अरण्य आणि अखेरीस अलेप्पीची, म्हणजे आजच्या आलप्पुळाची, हाऊसबोट अशी आखणी ठरलेली असते. चटईच्या छपराखाली खुर्ची टाकून बसावे, दोन्ही काठांवरचे माड मागे सरताना पाहावेत, एक रात्र पाण्यावर काढावी आणि परतावे. या सुखाविषयी कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. वर्षभर फायलींत डोके घालणाऱ्या किंवा वर्गावर्गांतून घसा कोरडा करणाऱ्या माणसाला चोवीस तासांची निवांतता लाभत असेल तर ते चांगलेच आहे. परंतु ज्या पाण्यावर आपण विहार करतो ते पाणी कोणाचे आणि ज्या काठाला आपली नौका लागते तो काठ कोणाचा, एवढा प्रश्न तरी या निवांतपणात मनात यावयास हवा. केरळात या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू बदलत गेले आहे, आणि तोच बदल आपल्या धरणांच्या जलाशयांपर्यंत येऊन ठेपला आहे.

वेंबनाड हे नुसते एक सरोवर नव्हे. पंपा, अचनकोविल, मणिमला, मीनचिल आणि मुवाट्टुपुळा या नद्या सह्याद्रीवरून उतरून त्यात येऊन मिळतात. उत्तरेला कोचीजवळ ते समुद्राला भेटते, आणि असंख्य कालव्यांनी ते आसपासच्या गावागावांशी जोडलेले आहे. त्याच्या दक्षिणेकडील कुट्टनाडात समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती होते. बांध घालून पाणी उपसायचे आणि मग पेरणी करायची, ही तेथील शेतकऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची विद्या आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली तिचा जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून गौरव केला. येथील घरे बांधाच्या अरुंद पट्टीवर उभी असतात. पुढच्या दारी कालवा आणि मागच्या दारी कालव्याहूनही खोल असलेले शेत. अशा मुलखात होडी ही चैनीची वस्तू असूच शकत नाही. शाळा, दवाखाना, बाजार, लग्नाचे वऱ्हाड आणि प्रेतयात्रा या साऱ्यांची वाट पाण्यावरूनच जाते.

आज आपण जिला हाऊसबोट म्हणतो ती मुळात याच वाटेवरची मालवाहू नौका, केट्टुवळ्ळम. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना बांधून, एकही खिळा न ठोकता ती तयार होत असे आणि भाताची पोती घेऊन कोचीपर्यंत जात असे. रस्ते झाले, पूल झाले, मालमोटारी आल्या आणि या नौकांचे काम संपले. त्या काठावर कुजत पडल्या असत्या. १९९० नंतरच्या काळात कोणाच्या तरी मनात त्यांवर खोल्या बांधण्याची कल्पना आली आणि मरणपंथाला लागलेल्या एका कारागिरीला जीवदान मिळाले. हे श्रेय पर्यटनाला मोकळेपणाने दिले पाहिजे.

पाण्यावरची मौज ही केरळला बाहेरच्यांनी शिकविली असेही नाही. पंडित नेहरू १९५२ साली कुट्टनाडात आले असता त्यांच्या स्वागतार्थ झालेल्या नौकाशर्यतीचा पुढे वार्षिक उत्सव झाला, आणि पुन्नमडा जलाशयावर नेहरू करंडकासाठी आजही लांबलचक सर्पनौका धावतात. एकेका नौकेत शंभराच्या आसपास वल्हेकरी असतात, आणि नौकेच्या मागे उभे असते सगळे गाव. तिची डागडुजी, तिचा सराव आणि तिचा जयपराजय हे सारे गावाचेच असते. काठावर उभा राहून पाहणारा माणूसही त्या मौजेत वाटेकरी असतो. भाड्याने घेतलेल्या वातानुकूलित खोलीतून काठाकडे पाहणाऱ्याची मौज निराळी. त्याच्या दृष्टीने काठावर कपडे धुणारी बाई देखाव्याचा एक भाग असते, आणि त्या बाईच्या दृष्टीने तो तिच्या घाटावर सांडपाणी सोडणारा पाहुणा असतो.

हाऊसबोटींची संख्या आता हजाराच्या घरात गेली आहे. त्यांतील सांडपाणी आणि यंत्रांचे तेल यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. अर्थात, वेंबनाडच्या दुखण्याचे सारे खापर पर्यटकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भाताला खारे पाणी लागू नये म्हणून १९७६ पासून कार्यान्वित झालेला तण्णीरमुक्कमचा बंधारा कोरड्या हंगामात कित्येक आठवडे बंद राहतो, त्यामुळे भरती-ओहोटीने होणारी पाण्याची नैसर्गिक धुलाई थांबते आणि जलपर्णी माजते. शेतांतील खते व कीटकनाशके आणि शहरांची गटारे यांचाही या दुखण्यात मोठा वाटा आहे. परंतु रोगी आधीच अशक्त असताना त्याच्या पाठीवर आणखी ओझे लादावे काय, याचा विचार झाला पाहिजे. २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंद झालेल्या या प्रदेशात चहूकडे पाणी असताना पिण्याचे पाणी मात्र होडीने आणावे लागणारी घरे आहेत. हाऊसबोटीच्या न्याहारीबरोबर बाटलीबंद पाणी मिळते, म्हणून पाहुण्याला याचा पत्ता लागत नाही.

पाण्यापेक्षाही बिकट प्रश्न किनाऱ्याचा आहे. जेथे मौजेच्या नौका फिरतात तेथील काठाला भाव येतो, आणि जेथे भाव येतो तेथे कुंपण येते. आलप्पुळा जिल्ह्यातील नेडियतुरुत्तु बेटावर एक आलिशान विश्रामस्थान उभे राहिले. पाण्यात खुंट्या रोवून मासे धरणाऱ्या स्थानिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ साली ते बांधकाम पाडण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हावयास २०२२ चा सप्टेंबर उजाडला. त्याच जानेवारीच्या ११ आणि १२ तारखांना कोचीजवळच्या मरडू येथे पाण्याकाठचे चार निवासी मनोरे स्फोटकांनी काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून ते बांधले गेले होते. त्यांतील तीनशेहून अधिक सदनिका ज्यांनी आयुष्याची पुंजी ओतून घेतल्या, त्यांच्याविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. बांधणाऱ्याने बांधले, परवाना देणाऱ्याने परवाना दिला, आणि बेघर झाला तो विकत घेणारा.

किनाऱ्यासंबंधी आपला कायदा मुका नाही. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ची आहे. बियास नदीच्या काठावरील एका हॉटेलाने नदीचा प्रवाह वळविल्याच्या प्रकरणी डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की, नद्या, किनारे, अरण्ये यांचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने नेमलेले विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव खाजगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही. तत्त्व असे स्वच्छ असताना बांधकामे उभी राहतात, आणि ती पाडण्यासाठी मच्छीमाराला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ही खरी शोकांतिका आहे.

हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा समजणे म्हणजे त्याचे अर्धेच रूप पाहणे होय. वेंबनाडच्याच काठावर वैकोम हे गाव आहे. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून दलितांना चालता यावे म्हणून १९२४-२५ साली तेथे सत्याग्रह झाला, आणि मार्च १९२५ मध्ये गांधीजी स्वतः तेथे गेले. सार्वजनिक वाट सर्वांची असते, एवढेच त्या सत्याग्रहाचे म्हणणे होते. महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातनी मंडळी ते तळे खाजगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात गेली, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अखेर त्यांचा पराभव झाला. तेथे जातीची भिंत होती, येथे पैशाची आहे. दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही, हे खरे. तरी काठाची जागा ताब्यात घेऊन पाणी आपलेसे करण्याची रीत जुनीच आहे.

यावर असे म्हटले जाईल की, या व्यवसायावर हजारो कुटुंबांचे पोट चालते. ते खरे आहे, आणि म्हणूनच त्याला शिस्त हवी, कारण पाणी नासले तर पहिला घाव त्याच कुटुंबांवर बसेल. इंग्लंडमधील नॉरफोक प्रांतात हा अनुभव येऊन गेला आहे. तेथील ब्रॉड्स नावाची उथळ तळी नद्यांनी परस्परांशी जोडलेली आहेत. मध्ययुगात जळणासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी भरून ती बनली, हे १९५०च्या दशकातील संशोधनाने सिद्ध केले. आगगाडी आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे भाड्याच्या नौकांचा धंदा फोफावला. पुढे सांडपाणी व खतांतील फॉस्फेटमुळे पाणी गढूळ होऊन पाणवनस्पती मरू लागल्या, आणि नौकांच्या लाटांनी काठ ढासळू लागले. तेव्हा १९८८ साली खास कायदा करून या जलप्रदेशासाठी एक प्राधिकरण निर्माण करण्यात आले. निसर्गाचे रक्षण, जनतेचा आनंद आणि जलमार्गाची मोकळीक ही तिन्ही कर्तव्ये त्याच्याकडे सोपविण्यात आली. तेथे नौकामालकाला पट्टी भरावी लागते, वेगाला मर्यादा आहे आणि सांडपाण्यातील फॉस्फेट काढण्याचे काम झाले आहे. सगळे दोष नाहीसे झाले असे नव्हे, परंतु जबाबदार कोण, हे तेथील नागरिकाला ठाऊक असते. आपल्याकडे पाटबंधारे, पर्यटन, बंदरे, जलमार्ग आणि पंचायती यांपैकी कोणाकडे जावे, हेच कळत नाही.

पाण्यावरील सुरक्षिततेचा प्रश्नही याच बेजबाबदारपणात अडकला आहे. २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमला निघालेली प्रवासी बोट वेंबनाडमध्ये बुडून २९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सरकारी नोकरीच्या परीक्षेला निघालेले उमेदवार पुष्कळ होते. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे सहलीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरल्याने २२ जणांचा बळी गेला. अंतर्देशीय नौकांसाठी २०२१ साली नवा कायदा झाला आहे. तो धक्क्यावर उभ्या असलेल्या तपासनिसापर्यंत पोहोचला तरच त्याचा उपयोग.

आशेची चिन्हे नाहीत असे नाही. वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवर चालणारी ७५ प्रवाशांची बोट सुरू झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये कोचीत विजेवर चालणारी जलमेट्रो आली. तेथे शाळेत निघालेली शिक्षिका आणि गंमत म्हणून बसलेला प्रवासी एकाच बाकावर बसतात. मौज आणि गरज यांनी एका नावेतून प्रवास करण्याचा हा मार्ग अधिक अनुकरणीय आहे.

आपल्याकडे नैसर्गिक सरोवरे थोडी, पण धरणांचे जलाशय पुष्कळ, आणि त्यांनाही आपण आता ‘बॅकवॉटर’ म्हणू लागलो आहोत. तापोळ्याला कोयनेच्या जलाशयात नौकाविहार चालतो, पवनेच्या काठी तंबूंची गर्दी होते. या पाण्याखाली गेलेली गावे सार्वजनिक हितासाठी घेतली गेली होती, कोणाच्या बंगल्याला सुंदर देखावा लाभावा म्हणून नव्हे. अनेक गावांची नेहमीची वाट आजही या पाण्यावरूनच आहे. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. ती काही सहलीची बोट नव्हती. पर्यटकासाठी नवा धक्का बांधण्याआधी या प्रवाशांसाठी सुरक्षित बोट आणि अंगावर चढवायला एक जाकीट देणे, हे कोणत्याही शासनाचे पहिले कर्तव्य ठरते.

नौकाविहार जरूर वाढावा. मात्र नवा परवाना देताना तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात. सांडपाणी कोठे जाणार, काठावरची जुनी पायवाट आणि घाट मोकळे राहणार काय, आणि या पाण्यावर रोजचा प्रवास करणाऱ्याला त्यातून काय मिळणार. या तिन्हींची उत्तरे जेथे कागदावर नव्हे तर काठावर दिसतील, तेथे पाहुण्याने खुशाल नावेत पाय ठेवावा. यजमानाच्या घरचे पाणी नासवून कोणताही पाहुणचार फार दिवस टिकत नाही.