वृद्धाश्रमातील रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वी मी एका वृद्धाश्रमात दर पंधरवड्याला रुग्णतपासणीसाठी जात असे. तेथील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या होत्या. माकडहाडापाशी शय्याव्रण झाला होता. मी व्रण स्वच्छ केला, जात्यादी तेलाची पट्टी सुचवली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. पुढील भेटीत व्रण अधिक खोल गेलेला दिसला. जीभ कोरडी, मूत्र अल्प व गडद. तेव्हा सेविकेला बाहेर पाठवून मी आजींना विचारले. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, संध्याकाळनंतर पाणी देत नाहीत. अंथरूण ओलं होतं ना!"

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता. मी व्रणाची चिकित्सा केली. हेतू मात्र शोधला नाही.

वृद्धांचा छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण येते. परंतु पाणी न देणे, कूस न बदलणे, ओल्या अंथरुणात ठेवणे, घालूनपाडून बोलणे, पेन्शनच्या पैशाचा हिशेब न देणे, हाही छळच होय. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, संस्थांमधील दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात वृद्धांशी गैरवर्तन केल्याचे मान्य केले. एवढी माणसे जन्मजात दुष्ट असणे शक्य नाही. दोष बहुधा व्यवस्थेत असतो.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण. आज मात्र प्रशिक्षण नसलेल्या, तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या एकट्या सेविकेवर रात्रभर अनेक रुग्ण सोपवले जातात. तिच्याकडून अनुरागाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

संस्थेत बाहेरून नियमित येणारी व्यक्ती पुष्कळदा वैद्य हीच असते. म्हणून दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेला येथे विशेष महत्त्व आहे. दोन्ही मनगटांवर सारखे वळ, दंडावर बोटांचे ठसे, निरनिराळ्या रंगांचे जुने-नवे काळेनिळे डाग, वाढलेली नखे, झपाट्याने घटणारे वजन, सेविका येताच रुग्णाचे गप्प होणे, या खुणा नोंदवाव्यात. रुग्णाशी काही क्षण एकांतात बोलावे. मात्र घाईने आरोप करू नये. जीर्णावस्थेत त्वचा नाजूक होते, रक्त पातळ करणाऱ्या औषधांनीही डाग पडतात. दिनांकासह लेखी नोंद ठेवली, तर पुढील भेटीत संशय दृढ होतो किंवा फिटतो.

औषध दुकानदार बंधूंनीही सावध असावे. वृद्धांनी रात्री शांत पडून राहावे एवढ्यासाठी झोपेच्या गोळ्या दिल्या जाण्याचा धोका असतो. जुन्याच चिठ्ठीवर वारंवार अशी मागणी आल्यास ती नाकारावी व संबंधित चिकित्सकास कळवावे. दिवसभर गुंगीत असणारा वृद्ध पडतो, जेवत नाही, त्याला शय्याव्रणही लवकर होतात.

संस्थाचालकांना आपण चार गोष्टी आग्रहाने सांगू शकतो : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, पाण्याची रोजची नोंद, दरमहा वजन आणि रात्रपाळीला पुरेशी माणसे. तेथील सेविकांना महिन्यातून एक तास शिकवणे आपल्यापैकी कोणालाही अवघड नाही.

सांगूनही सुधारणा न झाल्यास गप्प बसू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. मारहाण वा जिवाला धोका असेल, तर पोलिसांना कळवावे. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडल्यास, २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्या आश्रमाच्या व्यवस्थापकांशी मी बोललो. ते प्रथम रागावले, पण महिन्याभरात रात्रीसाठी दुसरी सेविका आली आणि आजींच्या उशाशी पाण्याचा तांब्या दिसू लागला. व्रण भरून यावयास तीन महिने लागले. औषध मी पूर्वीचेच दिले होते.