बोईसरहून मूळघरी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की बोईसरच्या कोकणी चाकरमान्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि पोटासाठी आलेली माणसे येथे स्थिरावली. गणपती मात्र गावीच राहिला! नाताळात परदेशीचा ख्रिस्ती बांधव जसा वसईची वाट धरतो, तशीच ही ओढ. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून वसई रोडला गाडी बदलून पनवेलमार्गे जाता येते; आरक्षण मिळणे हे मात्र दैवाधीन.

‘मूर्ती येथेच का बसवू नये?’ असे कोणी सुचवितात. आम्हांस ते पटत नाही. कित्येक घराण्यांत चुली वेगळ्या झाल्या, तरी गणपती मूळघरी एकच असतो. माटवीला कवंडळे बांधावयास, वर्षभर मिटलेले दार उघडावयास घरचाच माणूस हवा.

पण रासायनिक कारखान्याची पाळी सणासाठी थांबत नाही. धाकट्यास रजा मिळाली, तर थोरल्याने मागे राहावयाचे. रात्रपाळीस निघण्यापूर्वी तो भ्रमणध्वनी कानाशी धरून गावची आरती ऐकतो, आणि पायांतील वहाणा काढून ठेवतो.