तुमचा कॉल रांगेत आहे!

रात्रीचे साडेआठ. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल ऐन रंगात आलाय. आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवरचा चेहरा थिजतो... तोंड अर्धवट उघडं! तुमचा आवाज तिकडे रोबोसारखा पोचतोय. ‘कॅन यू हिअर मी?’ पाचदा म्हणून झाल्यावर तुम्ही हॉलमध्ये येऊन ओरडता, ‘अरे, कोण काय डाऊनलोड करतंय?’ दोन बीएचके, चार रूममेट, एक राऊटर. वाकड असो की ठाणे, सीन सेम.

मग काँट्री काढून प्लॅन वाढवला जातो. आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! कारण व्हिडिओ कॉलला फार बँडविड्थ लागतच नाही. एचडी कॉलचं तीन-चार एमबीपीएसमध्ये आरामात भागतं, साध्या व्हॉइस कॉलला तर शंभर केबीपीएससुद्धा पुरतात. कॉलला हवी असते ती वेळेवर डिलिव्हरी. आवाज समोरच्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर सहसा काही जाणवत नाही, असं आयटीयू या जागतिक संस्थेची शिफारस सांगते. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघंही एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि मग ‘नो नो, यू गो अहेड’ सुरू होतं. इंटरव्ह्यूमध्ये हे दोन-तीनदा झालं की समोरच्याचा मूड गेलाच म्हणून समजा.

हा वेळ जातो कुठे? रांगेत. वडापावच्या गाडीवर तुम्हाला एकच वडापाव हवाय. पण तुमच्या पुढे ऑफिसचा पोऱ्या उभा आहे आणि त्याची ऑर्डर आहे पन्नास पार्सलची. गाडीवाल्याचा हात कितीही झपझप चालू दे, पन्नास बांधून होईपर्यंत तुम्ही ताटकळत. कुणाच्या तरी फोननं भावाच्या लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले, की तुमच्या कॉलचं हेच होतं. गणित करून बघा ना. मोडेममध्ये फक्त एक मेगाबाइटची रांग लागलीय आणि अपलोड स्पीड १० एमबीपीएस आहे, तर ती संपायला ०.८ सेकंद लागतात. म्हणजे ८०० मिलिसेकंद! जाहिरातीतला मोठा आकडा डाऊनलोडचा असतो आणि बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड त्यापेक्षा कितीतरी कमी, हे विसरू नका. सिमवर चालणारं घरगुती वायफाय असेल तर जास्तच.

या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. २०१० मध्ये जिम गेटिस या अमेरिकन इंजिनिअरला घरच्या इंटरनेटवर हाच त्रास झाला. तो खोदत गेला आणि सापडलं ते असं, की मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी राऊटर-मोडेममध्ये भल्यामोठ्या रांगांची सोय करून ठेवली होती. एकही पॅकेट पडू नये हा उद्देश चांगला, पण त्यापायी सगळेच खोळंबले. उपाय निघाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचं ‘कोडेल’ आलं, पाठोपाठ ‘एफक्यू-कोडेल’ आणि २०१८ मध्ये लिनक्समध्ये ‘केक’. (हो, केक. इंजिनिअर लोकांना नावं ठेवायला कुणी शिकवत नाही!) युक्ती मात्र झकास आहे. पन्नासवाल्याला एक, तुम्हाला एक, पुन्हा त्याला एक. ज्याची ऑर्डर छोटी, तो लगेच मोकळा.

तुमच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये हे सहसा ‘क्यूओएस’ या नावाखाली सापडतं, ओपनडब्ल्यूआरटी टाकलेल्या राऊटरवर ‘एसक्यूएम’. इथंच बहुतेकांची गल्लत होते. लॅपटॉपला ‘हाय प्रायॉरिटी’ देतात आणि बँडविड्थचा रकाना कोरा सोडतात, नाहीतर प्लॅनचा आकडा ठोकून देतात. आता रांग लागते सगळ्यात अरुंद जागी. ती जागा कंपनीच्या मोडेममध्ये असेल, तर तुमच्या राऊटरच्या प्रायॉरिटीला विचारतो कोण? म्हणून आधी स्पीड टेस्ट करायची, खरोखर मिळतो त्याच्या ८५ ते ९० टक्के आकडा अपलोड आणि डाऊनलोडला टाकायचा. थोडा स्पीड आपण होऊन सोडायचा! मग रांग तुमच्या राऊटरमध्ये लागते आणि ती कशी लावायची ते तुमच्या हातात येतं. फरक बघायचाय? फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडा, तिथं ‘लोडेड’ लेटन्सी दिसते. ‘अनलोडेड’ वीस आणि ‘लोडेड’ चारशे असेल, तर चोर सापडला.

लाइन खूप वेगाची आणि राऊटर स्वस्तातला असेल, तर मात्र त्याच्या प्रोसेसरला हे झेपत नाही. आणि राऊटर हॉलमध्ये, तुम्ही दोन भिंतींपलीकडे असाल तर दुखणं वायफायचं आहे, त्याला क्यूओएस काय करणार? सरळ केबल लावा.

गंमत म्हणजे, एखादी साइट पुढे आणि दुसरी मागे, असा भेदभाव कंपनीनं करायचा नाही, हे आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारनं मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमांत आहे. घरात मात्र ट्राय येत नाही. तिथं वर कोण? भाडं जास्त भरणारा, नाइट शिफ्टवाला की प्लेस्टेशनवाला? चौघांनाही ‘हाय’ दिलंत तर कुणालाच दिलं नाही असं होतं. ज्याचा इंटरव्ह्यू, त्याला त्या दिवसापुरता मान, असं ठरवलेलं बरं. काही राऊटरच्या ॲपमध्ये प्रायॉरिटी तास-दोन तासांपुरती देता येते, नंतर ती आपोआप उतरते. भांडणाचा प्रश्नच नाही.

आणि हो, राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बॉक्सच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो आजच बदला. नाहीतर रात्री साडेआठला प्लेस्टेशन पहिल्या नंबरवर कसं गेलं, याचा शोध घेत बसाल.