इजा कामावरची, खर्च कोणाचा?

भोसरीच्या किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसखाली बोटे सापडलेल्या कामगाराच्या औषधोपचाराचा प्रश्न उभा राहिला म्हणजे दोन परस्परविरोधी समजुती सारख्याच ठामपणाने सांगितल्या जातात. कायदा गमावलेल्या अवयवापुरतीच भरपाई देतो, दवाखान्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा, असे मालकाच्या कचेरीत ऐकावयास मिळते. आणि इजा कामावर झाली असल्यामुळे कोणत्याही रुग्णालयाचे कितीही बिल मालकाकडून वसूल होते, असा दिलासा कामगाराचे सोबती त्याला देत असतात. पहिल्या समजुतीचा काळ सरला आहे, आणि दुसरीला ज्या अटी जोडलेल्या आहेत त्या सांगण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

नोव्हेंबर 2025 पर्यंत अमलात असलेला 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा मूळ स्वरूपात मृत्यू आणि अपंगत्व यांचाच हिशेब करीत असे, उपचाराच्या खर्चाची वेगळी मागणी करण्याचा हक्क त्यात नव्हता. तो हक्क 2009 च्या दुरुस्तीने, म्हणजे 18 जानेवारी 2010 पासून, कलम 4 मध्ये आला. नोकरीच्या ओघात झालेल्या इजेच्या उपचारासाठी कामगाराने प्रत्यक्ष केलेला खर्च त्याला परत मिळाला पाहिजे, असे ते कलम सांगते. अंदाजाने सांगितलेली रक्कम किंवा जुन्या दुखण्याची औषधे त्यात बसत नाहीत. म्हणून बिले, औषधांच्या पावत्या आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद यांवाचून हा हक्क भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढे लुळा पडतो.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र वेतनमर्यादेविषयी आहे. अपंगत्वाची भरपाई मोजताना मासिक वेतन कितीही असले तरी ते जास्तीत जास्त 15,000 रुपये धरावे, असे 3 जानेवारी 2020 पासून ठरलेले आहे, आणि हीच मर्यादा उपचाराच्या खर्चालाही लागू असल्याचे अनेक जाणती माणसेही गृहीत धरतात. वस्तुतः खर्चाच्या परताव्यावर कलमाने रुपयांची कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. 25,000 रुपये वेतनाच्या कामगाराचा अपंगत्वाचा हिशेब 15,000 वर होईल, परंतु शस्त्रक्रियेचा सिद्ध झालेला खर्च त्या आकड्याने छाटला जाणार नाही. विमा कंपनीच्या पॉलिसीत उपचारखर्च वगळलेला असतो किंवा त्याला ठरावीक रकमेची मर्यादा असते, हे पुष्कळदा खरे असते. पण तो मालक आणि कंपनी यांच्यामधील करार आहे, आणि त्यातली उणीव मालकानेच भरून काढावयाची असते.

मालकाने रुग्णालयाचे बिल भरले म्हणजे ती रक्कम पुढे अपंगत्वाच्या भरपाईतून वजा होते, ही समजूतही निराधार आहे, कारण उपचारासाठी दिलेला पैसा भरपाई म्हणून दिलेला समजू नये, असा खुलासा याच कलमाखाली नमूद आहे. त्याचप्रमाणे, बिल भरताना ‘आता माझे काही मागणे नाही’ असे स्टँपपेपरवर लिहून घेण्याची जी रीत सर्रास चालते, ती कलम 17 पुढे टिकत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. उलटपक्षी, मालकाने विनामूल्य देऊ केलेल्या वैद्याचे उपचार कामगाराने विनाकारण नाकारले आणि त्यामुळे इजा बळावली, तर त्या बळावलेल्या भागाची भरपाई मिळत नाही.

याहून कडक कुंपण 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचे आहे. त्या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेतील 21,000 रुपयांपर्यंत वेतनाचा कामगार विमाधारक असतो, त्याच्या उपचाराची जबाबदारी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते, आणि कलम 53 अन्वये त्याच इजेसाठी मालकाकडून 1923 च्या कायद्याखाली किंवा अन्य कायद्याने भरपाई मागण्याची वाट बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 आणि 1997 च्या निर्णयांत या निर्बंधावर शिक्कामोर्तब केले आहे. हे ठाऊक नसल्यामुळे विमाधारकाचे नातलग त्याला परस्पर खासगी रुग्णालयात ठेवतात, आणि महामंडळाच्या नियमांत न बसणारा तो खर्च पुढे मालकही देत नाही आणि महामंडळही देत नाही. मला हा निर्बंध कठोर वाटतो. परंतु कठोर म्हणून तो अस्तित्वातच नाही, असे कामगाराला सांगणे ही त्याची फसवणूक आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावलेले आहेत आणि खर्चाच्या परताव्याचे तत्त्वही तीत कायम आहे. तथापि भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ठरविलेले असल्यामुळे त्या दिवशी कोणता कायदा अमलात होता हे आधी पाहावे लागते. 1923 च्या कायद्याखालील दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि सबळ कारण दाखविल्यास आयुक्त विलंब माफ करू शकतात. तेव्हा जिवाला धोका नसेल तर रुग्णालयाची निवड करण्यापूर्वी जखमी कामगाराचा विमा क्रमांक आहे की नाही याची चौकशी करावी, आणि पहिल्या मलमपट्टीपासूनची प्रत्येक पावती जपून ठेवावी.